श्री संत गोरोबाकाका

गोरोबाकाका तेरचे. तेर आता धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. जन्म शके ११८९ चा सांगतात. वडील माधवबुवा, आई रखुमाई, धंदा कुंभाराचा. चित्रात काकांना पिकल्या दाढीचं म्हातारं काढतात. पण हिशेब करा, शके १२१८ ला ज्ञानोबा माउलींनी समाधी घेतली तेव्हा काका एकोणतीस वर्षांचे. संतमेळ्यात तेच मोठे, म्हणून सगळ्यांचे काका.

काकांनी पंढरीसाठी धंदा सोडला नाही, हे मला फार मोठं वाटतं. माती आणायची, खडे वेचायचे, राख-लीद घालून भिजवायची, मग पायानं तुडवायची. भाताच्या लावणीला दिवसभर चिखलात राहणाऱ्याला ते कष्ट सांगायला नकोत. चाकावर घडवलं की आतून दगड धरून बाहेरून थापटण्यानं ठोकत पोट वाढवायचं, सावलीत वाळवायचं, गेरू फिरवायचा, मग आव्यात भाजायचं. तुडवणीत एक खडा राहिला तर मडकं आव्यात फुटलंच. म्हणून तुडवणाऱ्याचं चित्त पायाशी लागतं, आणि काकांचं चित्त तर विठ्ठलापाशी गेलेलं.

संती पाण्याला गेली होती. लेकराकडे बघा असं सांगून गेली. आपल्या मोखाड्याच्या माउल्यांना उन्हाळ्यात पाण्याला जाणं काय असतं ते ठाऊक आहे. लेकरू रांगत आलं आणि त्या चिखलात बापाच्याच पायाखाली गेलं. कीर्तनात आम्ही इथून झरझर पंढरीला पोचतो. पण संती डोक्यावर घागर घेऊन परत आली आणि चिखल लाल दिसला, तिथं जरा थांबलं पाहिजे. ती देवाला बोलली, नवऱ्याला बोलली. तिचं काय चुकलं? काका संतापून तिच्यावर धावले, तेव्हा तिनं अंगाला हात लावू नका म्हणून विठ्ठलाची आण घातली. काकांनी ती पाळली. वंश चालावा म्हणून संतीनंच आपली बहीण रामी त्यांना करून दिली. सासऱ्यानं दोघींना सारखं वागवा म्हणताच काकांनी तिलाही हात लावला नाही. एका रात्री झोपेत बहिणींनी त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जागे झाल्यावर काकांनी हातच तोडले. बिनहाताचा कुंभार खाणार काय? तेव्हा पांडुरंग विठू कुंभार होऊन घरी राबला, अशी कथा आहे.

पुढं पंढरीला नामदेवांच्या कीर्तनात सगळ्यांनी टाळीला हात वर केले, काकांनीही थोटे दंड उचलले, आणि हात फुटले. संतीनं देवाला आळवलं, तर लेकरू रांगत तिच्याकडे आलं.

दुसरी कथा थापटण्याची. आपण पौषात ज्यांच्यासाठी त्र्यंबकला चालतो ते निवृत्तीनाथ, ज्ञानोबा, सोपान, मुक्ताई, सगळे जमले होते. मुक्ताईनं विचारलं, हे लाकूड कशाचं? काका म्हणाले, यानं कच्चं-पक्कं कळतं. मग संतांच्याच डोक्यावर ठोकत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले. काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं आहे. कच्च्या मडक्यात पाणी भरा, माती विरघळून जाते. नामदेवांना ते झोंबलं, पण तेच त्यांना गुरू विसोबा खेचरांकडे घेऊन गेलं.

शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी तेरलाच देह ठेवला. समाधी तिथंच आहे. पंढरपूरहून बार्शीवरून वाट आहे. दिंडीतल्या ज्यांना जमेल त्यांनी एकदा जाऊन यावं.