रांजणातला शत्रू ओळखणारा डॉक्टर

पावसाळा सरत आला की बुलडाणा जिल्ह्यातील गावांमधून आरोग्यसेवक दारोदार फिरू लागतात. बॅटरीचा झोत रांजणात टाकायचा, हौदात डोकावायचे, कूलरच्या तळाशी उरलेले पाणी हलवून पाहायचे आणि वळवळणारी अळी दिसलीच तर पाणी ओतून भांडे घासून कोरडे करायला सांगायचे, हे त्यांचे काम. डेंग्यू आणि चिकनगुनियाविरुद्धची ही पाहणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्या मुळाशी असलेल्या माणसाची आठवण कुणाला होत नाही. तो माणूस भारतात कधी आला नव्हता. त्याचे नाव डॉ. कार्लोस हुआन फिनले.

फिनले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ रोजी क्युबातील आज कामाग्वे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरी झाला. वडील स्कॉटिश डॉक्टर, आई फ्रेंच. शिक्षणासाठी मुलाला युरोपात पाठविण्यात आले. तेथे आजारपणाने त्याचे शिक्षण वरचेवर खंडित झाले आणि बोलण्यात अडखळ राहिली, ती जन्मभर. हवानाच्या विद्यापीठाने युरोपातील शिक्षण ग्राह्य न धरल्याने ते फिलाडेल्फियाला गेले आणि १८५५ मध्ये जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाले. रोगांचे मूळ सूक्ष्मजीवांत असावे, असे मानणारे जॉन मिचेल तेथे त्यांना गुरू म्हणून लाभले.

हवानाला परतल्यावर त्यांनी व्यवसाय सुरू केला. १८६७च्या सुमारास शहरात पटकी पसरली, तेव्हा पाणी पुरविणाऱ्या कालव्याकडे त्यांनी बोट दाखविले. स्पॅनिश राज्यकर्त्यांना ते रुचले नाही आणि त्यांचे लेखन त्या वेळी छापले गेले नाही. अधिकारी आणि फिनले यांच्यातील हा पहिला खटका. पुढची उपेक्षा मात्र त्यांना स्वतःच्या व्यवसायबंधूंकडून सोसावी लागली.

हवानाची खरी दहशत होती पीतज्वराची. ताप, कावीळ, काळी उलटी आणि अनेकदा मृत्यू. सुमारे दीड शतक हा रोग त्या शहरातून हटला नव्हता; नव्याने आलेले सैनिक आणि खलाशी त्याला हजारोंनी बळी पडत. दूषित हवा, घाण आणि रुग्णाचे कपडे-अंथरूण यांतून तो पसरतो, अशी बहुतेकांची समजूत होती. फिनलेही अनेक वर्षे हवेतील क्षारांचे प्रमाण मोजत बसले होते. ती वाट चुकीची ठरल्यावर ती सोडून देण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, हे त्यांच्या मोठेपणातले अर्धे मानावे लागेल.

नवी वाट सुचली ती वनस्पतिशास्त्राच्या वाचनातून. गव्हावरचा तांबेरा आपल्या जीवनचक्रातील एक टप्पा दुसऱ्याच एका झुडपावर घालवतो. मग माणसाच्या रोगालाही असा मधला यजमान का नसावा? पीतज्वर उष्ण दिवसांत वाढतो, उंच आणि थंड जागी आढळत नाही, घरांच्या दाटीत फोफावतो. या साऱ्या खुणा एका जिवाशी जुळत होत्या. अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, घरातल्या साठवणीच्या पाण्यात अंडी घालणारा डास. आज त्याला एडिस इजिप्ती म्हणतात.

फेब्रुवारी १८८१ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी अशा मध्यस्थाची शक्यता मांडली, पण त्याचे नाव घेतले नाही. १४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी डासाचे नाव उच्चारले. सभेत शांतता पसरली. चर्चाही झाली नाही. पुढे जवळजवळ वीस वर्षे ते चेष्टेचा विषय होऊन राहिले. मित्र क्लाउडिओ देल्गादो यांच्या साहाय्याने त्यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या शंभराहून अधिक जणांवर प्रयोग केले. परंतु निर्विवाद निष्कर्ष हाती येईना. रुग्णाचे रक्त शोषल्यानंतर डासाच्या शरीरात रोग पक्व व्हायला साधारण बारा दिवस लागतात आणि रुग्णाकडून डासाला बाधा होते ती तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच, ही गोष्ट तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. फिनले यांचे डास बहुधा फार लवकर वापरले जात.

१९०० मध्ये अमेरिकी लष्कराचा आयोग वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली हवानात आला. इतर कल्पनांनी निराशा केल्यावर आयोगाचे सदस्य या सदुसष्टीकडे झुकलेल्या डॉक्टरच्या दाराशी गेले. फिनले यांनी मागचा सल न धरता आपल्याकडची डासांची अंडी त्यांच्या स्वाधीन केली. त्या अंड्यांपासून वाढविलेल्या डासांनी आयोगातील जेम्स कॅरोल मरणाच्या दारातून परतले, तर जेसी लाझियर हे तरुण डॉक्टर २५ सप्टेंबर १९०० रोजी पीतज्वराने मरण पावले. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत रुग्णांच्या मळक्या अंथरुणात झोपलेले निरोगी राहिले आणि डास चावलेले आजारी पडले. वाद मिटला. श्रेय मात्र जगाने बराच काळ रीड यांच्या पदरात टाकले. फिनले यांचे नाव नोबेलसाठी वारंवार सुचविले गेले. पारितोषिक मिळाले नाही.

१९०१ मध्ये विल्यम गॉर्गस यांनी हवानात जे केले ते बुलडाण्यातील आरोग्यसेवकाला अगदी ओळखीचे वाटेल. पथके घरोघरी फिरत, पाण्याची यादी करीत, अळी सापडल्यास दंड करीत. पिण्याचे पाणी ओतायला लावणे व्यवहार्य नव्हते, म्हणून लाकडी पिंपांना झाकण बसवून खाली तोटी लावण्यात आली. सप्टेंबरअखेर शहर पीतज्वरमुक्त झाले. १९०२ मध्ये क्युबा प्रजासत्ताक झाल्यावर फिनले देशाचे मुख्य आरोग्य अधिकारी झाले. १९०५ मध्ये ताप परतला, तेव्हा त्याच उपायांनी त्याला हुसकावण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आले. १९०९ मध्ये ते निवृत्त झाले आणि २० ऑगस्ट १९१५ रोजी हवानात निवर्तले. योगायोग असा की, मलेरिया आणि डासाचे नाते रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत गवसले, तो १८९७ मधील दिवसही २० ऑगस्टच.

फिनले यांचा शत्रू मात्र मेला नव्हता. १९४७ पासून अमेरिका खंडातील देशांनी या डासाविरुद्ध संयुक्त मोहीम उघडली आणि अनेक देश त्यापासून मुक्तही झाले. यश आले तसा पैसा आटला, पाहणी सैलावली आणि डास परत आला. क्युबात १९७७ मध्ये डेंग्यूचा पहिला प्रकार पसरला, १९८१ मध्ये दुसरा. एका प्रकाराच्या संसर्गाने दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही. उलट दुसरा आजार अधिक घातक ठरू शकतो. त्या वर्षी ३ लाख ४४ हजारांवर लोक आजारी पडले आणि १५८ जण दगावले. त्यांतील १०१ मुले होती.

भारतात पीतज्वर नाही, पण त्याचा वाहक घरोघरी आहे. म्हणूनच पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचा दाखला मागितला जातो. याच डासाने आणलेला चिकनगुनिया १९६३ मध्ये कोलकात्यात, १९६५ मध्ये नागपुरात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत पसरला. त्यानंतर तो जणू नाहीसाच झाला. ही शांतता तीन दशकांहून अधिक टिकली आणि दरम्यान प्रतिकारशक्ती नसलेली एक अख्खी पिढी मोठी झाली. २००५च्या अखेरीस आफ्रिकेकडील वेगळ्या कुळाचा विषाणू आला, तेव्हा २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. विदर्भ-मराठवाड्यातील खेड्यांत सांधे धरून बसलेली माणसे तेव्हा घराघरांत दिसत होती.

बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात ही परतफेरी थांबविणे अवघड आहे, त्याचे कारण पाण्यात आहे. बुलडाणा शहराची तहान येळगाव धरणावर भागते. पण जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तिथे साठवण ही चैन नसते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा सल्ला शास्त्राला धरूनच आहे, कारण अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. मात्र दोन हंड्यांसाठी तासभर उभ्या राहिलेल्या बाईला ते पाणी ओतून दे, असे सांगणे सोपे नाही. शिवाय नुसते ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटतात, कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागताच उबतात. म्हणून भांडे घासावे लागते. जे रिकामे करता येत नाही, त्या हौदात गप्पी मासे सोडले जातात वा टेमिफॉस टाकले जाते आणि रांजणाच्या तोंडाला घट्ट फडके बांधायला सांगितले जाते.