जगद्गुरू इब्राहीम आदिलशाह

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात माणगंगेच्या काठी म्हसवड हे गाव आहे. सिद्धनाथाच्या रथयात्रेमुळे तुम्ही या गावाचे नाव ऐकले असेल. हा सगळा मुलूख कमी पावसाचा. शेतावर पोट भरणे कठीण, म्हणून इथली धाडसी माणसे घोड्यावर बसून नशीब काढायला बाहेर पडत असावीत. म्हसवडचे माने देशमुख विजापूरच्या आदिलशाहीत नामांकित शिलेदार होते. शिलेदार म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? ज्याचा घोडा आणि हत्यारे स्वतःची, तो शिलेदार. ज्याला सरकारातून घोडा मिळे, तो बारगीर. शिलेदाराचा मान अर्थातच मोठा.

माने, शेजारच्या मलवडीचे घाटगे, फलटणचे निंबाळकर अशा घराण्यांच्या तलवारींवर विजापूरचे राज्य उभे होते. अशा लढवय्या लोकांचा राजा कसा असेल? तुमच्या डोळ्यांसमोर चिलखत घातलेला, भाला पेलणारा एखादा उग्र पुरुष आला असेल. पण या राज्याचा एक सुलतान असा होऊन गेला, की त्याच्या हातात तलवारीपेक्षा तंबोरा अधिक शोभे. निदान त्याला स्वतःला तरी तसेच वाटे. त्याचे नाव दुसरा इब्राहीम आदिलशाह. त्याने १५८० ते १६२७ अशी सत्तेचाळीस वर्षे राज्य केले.

मुलांनो, त्या काळचे राजे लोकांपुढे आपली प्रतिमा फार विचारपूर्वक उभी करत. आज आपण छायाचित्र काढताना नीट बसतो, कपडे सारखे करतो, तसेच काहीसे. फरक इतकाच, की राजाचे चित्र, त्याची नाणी आणि त्याच्या पदव्या म्हणजे त्याच्या सत्तेचा जाहीरनामा असे. बहुतेक सुलतानांना आपण शूर योद्धा म्हणून ओळखले जावे असे वाटे. दिल्लीच्या अलाउद्दीन खिलजीने नाण्यांवर स्वतःला दुसरा सिकंदर म्हणवून घेतले. मुघल बादशाह जहांगीर याची गोष्ट तर गमतीची आहे. अहमदनगरचा वजीर मलिक अंबर त्याला काही केल्या हार जाईना. तेव्हा जहांगीराच्या चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात बादशाह अंबरच्या तोडलेल्या मस्तकावर बाण सोडत आहे! प्रत्यक्षात मलिक अंबर १६२६ पर्यंत जगला आणि म्हातारपणी मरण पावला. रणांगणात जे साधले नाही, ते कागदावर साधले.

अशा काळात इब्राहीमने वेगळी वाट धरली. ती का धरली, हे समजण्यासाठी त्याचे बालपण पाहायला हवे.

१५८० मध्ये त्याचा चुलता अली आदिलशाह याचा खून झाला. अलीला मुलगा नव्हता. म्हणून पुतण्या इब्राहीम गादीवर आला. तेव्हा तो अवघा नऊ वर्षांचा होता. त्याचा सांभाळ अलीची विधवा राणी चांदबीबी हिच्याकडे आला. अहमदनगरचा किल्ला लढवणारी म्हणून तुम्ही जिला ओळखता, तीच ही चांदबीबी. पण दरबारातील सरदारांना लहान राजा म्हणजे पर्वणीच वाटली. किश्वरखान नावाच्या सरदाराने कारभार बळकावला आणि चांदबीबीला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवले. साताऱ्यात उभे राहून अजिंक्यताऱ्याकडे पाहाल, तेव्हा ही आठवण ठेवा. थोड्याच दिवसांत किश्वरखानाला पळावे लागले. चांदबीबी सुटली, पण भांडणे मिटली नाहीत. किश्वरखानानंतर इखलासखान आला आणि त्याला बाजूला सारून दिलावरखान आला. दिलावरखानाने इखलासखानाचे डोळे काढले आणि सुमारे आठ वर्षे राज्य आपल्या मुठीत ठेवले. नाव इब्राहीमचे, हुकूम दिलावरखानाचा!

विचार करा, नऊ वर्षांचे मूल सिंहासनावर बसून हे सारे पाहत होते. तलवार कशासाठी उपसली जाते आणि कोणावर चालते, हे त्याने फार लवकर पाहिले.

इब्राहीम भित्रा मात्र नव्हता. १५९० मध्ये लष्कराची छावणी पडली असताना तो एका रात्री घोड्यावर बसला आणि दिलावरखानाच्या पहाऱ्यातून निसटून आपल्या बाजूच्या सरदारांना जाऊन मिळाला. सकाळी दिलावरखान चालून आला, पण त्याचेच शिपाई त्याला सोडून राजाकडे गेले. दिलावरखान अहमदनगरकडे पळाला. पुढे तो हाती लागला, तेव्हा त्याचेही डोळे काढण्यात आले. त्यानंतर तीन-चार वर्षांतच इब्राहीमचा सख्खा भाऊ इस्माईल याने बेळगावला बंड केले. ते बंड मोडले गेले आणि इस्माईलला प्राणाला मुकावे लागले. दरबारी चित्रांत इब्राहीमचा चेहरा फार कोमल दिसतो. ती चित्रे पाहताना या दोन गोष्टी विसरू नयेत, असे मला वाटते.

वीस वर्षांचा हा तरुण आता खराखुरा राजा झाला. रात्रीच्या त्या घोडदौडीवर कवींकडून शाहनाम्यासारखे काव्य लिहवून घेणे त्याला सहज शक्य होते. त्याने काय केले? तो गाणी रचायला बसला. त्या गाण्यांचे पुस्तक म्हणजे किताब-ए-नवरस. ते दखनी भाषेत आहे. दखनी ही तुमच्या उर्दूची वडीलधारी बहीणच आहे. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अनेक घरांत ती आजही बोलली जाते. त्यामुळे हे पुस्तक म्हणजे तुमच्या घरचाच ठेवा आहे. भूपाळी, भैरव, मल्हार, कानडा, केदार अशा रागांत बांधलेली ही गीते आहेत. पुस्तकाच्या आरंभी विद्येची देवता सरस्वती हिला वंदन आहे. हजरत मुहम्मद पैगंबरांचे स्तवन आहे आणि गुलबर्ग्याचे सूफी संत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचेही स्मरण आहे.

नवरस या शब्दावर तर त्याचे विलक्षण प्रेम होते. आपल्याकडे साहित्यात आणि संगीतात शृंगार, वीर, करुण असे नऊ रस मानतात. फारसीत मात्र हाच शब्द नौ-रस असा फोडला, तर त्याचा अर्थ नुकतेच तयार झालेले, ताजे असा होतो. एका शब्दात दोन भाषा नांदतात, हे त्या रसिकाला फार आवडले असणार. त्याने १५९९ मध्ये विजापूरच्या पश्चिमेला नवे शहर वसवायला घेतले. त्याचे नाव नवरसपूर. महालाला नवरस, नाण्याला नवरस, उत्सवालाही नवरस! विजापूरचे नाव त्याने विद्यापूर केले. लोक त्याला जगद्गुरू म्हणू लागले. त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर अबला बली ही अक्षरे आहेत. दुर्बलांचे बळ, असा त्याचा अर्थ. खिलजीच्या नाण्यावरचा सिकंदर आणि हा अबला बली एकमेकांशेजारी ठेवून पाहा.

एका गीतात इब्राहीमने स्वतःचेच वर्णन केले आहे. भगवी वस्त्रे, रंगवलेली नखे, गळ्यात स्फटिकांची माळ, हातात तंबोरा आणि बसायला हत्ती, असे ते रूप आहे. गणपती हा पिता आणि सरस्वती ही माता, असेही तो गीतात म्हणतो. यावरून त्याने धर्म सोडला असे समजू नका. तो मुसलमान म्हणूनच जगला आणि त्याच्या कबरीच्या इमारतीवर कुराणातील आयती कोरलेल्या आहेत. आपल्या प्रजेच्या मनात ज्ञानाचे आणि कलेचे जे आदर होते, ते त्याने आपले मानले, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या तंबोऱ्याचे नाव मोतीखान होते आणि आवडत्या हत्तीचे आतशखान. वाद्याला सरदारासारखी खान ही पदवी देणारा राजा दुसरा कोण असेल! फर्रुख हुसेन या चित्रकाराने काढलेले, तंबोरा वाजवणाऱ्या इब्राहीमचे चित्र युरोपातील प्राग शहराच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

हा राजा प्रत्यक्ष कसा दिसे, कसा बोले? अकबर बादशाहाचा वकील असदबेग १६०३-०४ मध्ये विजापूरला आला होता. त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. इब्राहीमला फारसी समजत असे, पण ती बोलताना तो अडखळे. मग तो आपल्या माणसांशी मराठीत बोले. होय, मराठीत! जी भाषा तुम्ही या पुस्तकातून शिकत आहात, ती एका सुलतानाच्या जिभेवर फारसीपेक्षा सहज खेळत होती. दुसऱ्या भेटीच्या वेळी सुलतान गाण्यात इतका रंगून गेला होता, की वकिलाच्या प्रश्नांना त्याला धड उत्तरे देता येईनात. असदबेगाने परत जाताना विजापुरातून हत्ती, जडजवाहीर आणि तंबाखूही नेली. अकबराच्या दरबारात तंबाखू ही नवीच वस्तू होती. हकिमांनी तिला विरोध केला. त्यांचे ऐकले असते, तर पुढच्या पिढ्यांचे बरेच भले झाले असते!

इब्राहीमच्या दरबारात देशोदेशीचे गुणीजन जमले. मुहम्मद कासिम फरिश्ता याने आपला प्रसिद्ध इतिहास इथेच लिहून सुलतानाला अर्पण केला. इराणहून आलेल्या कवी जुहूरीने नवरसाच्या पुस्तकाला फारसी गद्याची प्रस्तावना जोडली.

पण राज्य काही गाण्यावर चालत नाही. उत्तरेकडून मुघल पुढे सरकत होते. इब्राहीमने चांदबीबीच्या मदतीसाठी सुहेलखान या सेनापतीला पाठवले. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ मोठी लढाई झाली. समोर मुघलांचा सेनापती होता अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे ज्याचे दोहे तुम्ही हिंदीत वाचता तो रहीम. दखनी फौजा शौर्याने लढल्या, पण हरल्या. तीन वर्षांनी अहमदनगर पडले आणि चांदबीबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. यानंतर इब्राहीमने मुघलांशी शक्यतो गोडीने घेतले. नजराणे पाठवले, आपल्या घरातील राजकन्या अकबराचा मुलगा दानियाल याला दिली. दुसरीकडे मलिक अंबरलाही तो मदत करत राहिला. १६१९ मध्ये बीदरचे राज्य त्याने जिंकून घेतले. हा धूर्तपणा म्हणा किंवा शहाणपण म्हणा. त्यामुळे विजापूरला पुष्कळ वर्षे शांतता लाभली.

शेवटी मात्र त्याचा हिशेब चुकला. त्याने अंबरची बाजू सोडून मुघलांशी हातमिळवणी केली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे अंबरने मुघल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा पराभव केला. या लढाईत अंबरच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथे धारातीर्थी पडले. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. विजयी अंबर थेट विजापूरवर चालून आला. राजधानीला भक्कम तट होता, म्हणून ती वाचली. नवरसपूर मात्र तटाविना उघडे होते. अंबरच्या सैन्याने ते लुटले आणि जाळले. पंचवीस वर्षे जपलेले गाण्याचे शहर असे उजाड झाले. ज्या शहराला त्याने कलेचे नाव दिले, त्याच्याभोवती तट पुरा करणे राहून गेले. इतिहासकार याची कारणे काहीही सांगोत. मला तर त्यात त्या राजाचा स्वभावच दिसतो.

या पराभवानंतर शिलेदारांची गरज अधिकच भासू लागली. शहाजीराजे अंबरला सोडून विजापूरकडे आले. १६२६ मध्ये इब्राहीमने मलवडीच्या नागोजीराव घाटग्यांना झुंजारराव हा किताब दिला. झुंजणारा, लढणारा अशी ही पदवी. पाहा, स्वतःसाठी जगद्गुरू आणि अबला बली ही नावे पसंत करणाऱ्या राजाने वीराची पदवी माणदेशातल्या घोडेस्वाराला दिली. तिचे खरे हक्कदार कोण, हे तो ओळखून होता. घाटग्यांनी ती पदवी पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने मिरवली.

पुढच्याच वर्षी, १६२७ च्या सप्टेंबरात, इब्राहीम मरण पावला. त्याचा मुलगा मुहम्मद गादीवर आला. जगप्रसिद्ध गोलघुमट ही त्या मुहम्मदाची कबर. विजापूरला, म्हणजे आजच्या विजयपूरला सहल गेली, की सगळे प्रथम तिकडेच धावतात. तुम्हीही जा, घुमटाखाली आवाज देऊन पाहा. मग शहराच्या पश्चिमेला असलेल्या इब्राहीम रोजालाही जरूर जा. इब्राहीमची राणी ताज सुलताना हिच्यासाठी ही इमारत बांधायला घेतली होती आणि मलिक संदल याने ती उभारली. भिंतींवरची दगडी जाळी जवळून पाहा. ती नुसती नक्षी वाटते, पण नीट निरखले तर अक्षरे दिसू लागतात. उर्दू वाचणाऱ्या मुलांना ती इतरांपेक्षा लवकर ओळखता येतील. तिथून थोडे पुढे तोरवी गावाजवळ संगीत महालाचे अवशेष आहेत. उंच कमान अजून उभी आहे. नवरसपुराच्या शिल्लक राहिलेल्या खुणांपैकी ही एक आहे.