बिघाडातून नियम शोधणारे जाक मोनो

जाक मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिस येथे झाला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. बालपणी पोलिओने एक पाय अधू केला, तरीही गिर्यारोहण त्यांनी सोडले नाही. चेलो हे तंतुवाद्य ते उत्तम वाजवीत. संगीत की विज्ञान, हा पेच त्यांना दीर्घकाळ पडला. अखेर विज्ञान जिंकले.

ई. कोलाय जीवाणूंपुढे ग्लुकोज आणि दुधातील लॅक्टोज एकत्र ठेवले, तर ते प्रथम ग्लुकोज संपवितात, काही काळ थबकतात आणि मगच लॅक्टोजकडे वळतात. या थबकण्याचे कारण काय, हा प्रश्न मोनो यांच्या मनात रुजला. जर्मनीने फ्रान्स व्यापला तेव्हा ते भूमिगत प्रतिकार चळवळीत उतरले. युद्धानंतर पाश्चर संस्थेत त्यांनी तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला.

काही उत्परिवर्तित जीवाणू लॅक्टोज नसतानाही ते पचविणारे एन्झाइम अखंड बनवीत. लॅक्टोजच ही निर्मिती घडवून आणते, असा मोनो यांचा समज होता. परंतु फ्रान्स्वा जाकोब आणि आर्थर पार्डी यांच्यासह केलेल्या प्रयोगात अशा सदोष पेशीत निर्दोष जनुक जाताच निर्मिती सुरू झाली आणि थोड्याच वेळात थांबली. याचा अर्थ, निर्दोष जनुक ‘दमनक’ नावाचा अटकाव निर्माण करते. लॅक्टोज केवळ तो अटकाव दूर सारते. मोनो यांनी आपला जुना समज सोडून दिला.

पुढे आणखी दोन प्रकारचे बिघाड आढळले. एकात दमनक ठीक, पण तो ज्या जागी बसतो ती जागाच बिघडलेली. तेथे बाहेरून आणलेले निर्दोष जनुक निरुपयोगी ठरे. दुसऱ्यात दमनक लॅक्टोजला दादच देत नसे, त्यामुळे निर्मिती कायमची बंद. या बिघाडांची संगती लावूनच १९६१ मध्ये जाकोब आणि मोनो यांनी ‘ओपेरॉन’ची संकल्पना सविस्तर मांडली. शेजारी असलेली जनुके एकाच कळीने चालू वा बंद होतात, हे जगाला उमगले. १९६५ मध्ये जाकोब आणि आंद्रे ल्वोफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. १९७१ पासून पाश्चर संस्थेची धुरा वाहत असतानाच ३१ मे १९७६ रोजी कान येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्याच्या चुकीच्या उत्तराखाली लाल रेघ ओढून आपण पान उलटतो. ते नेमके कोठे अडले, हे क्षणभर थांबून पाहिले तर शिकविण्याचा खरा आरंभ तेथेच होतो. आणि चूक आपलीच निघाली, तर ती मान्य करण्याचे धैर्यही या शास्त्रज्ञाकडून आपण शिक्षकांनी शिकावे.