विश्लेषण : मोजे विणणारे यंत्र बनवूनही विल्यम ली रिकाम्या हाताने का गेले?

घरच्या घरी मोजे विणण्याची छोटी मशिन आता ऑनलाइन सहज मिळतात. टेबलाला मशिन आवळायचे, लोकर अडकवायची आणि हँडल फिरवायचे. खालून मोजा उतरू लागतो. या मशिनमागची मूळ कल्पना ४०० वर्षांहून जुनी आहे. १५८९ मध्ये इंग्लंडमधील एका खेड्यात विल्यम ली यांनी जगातील पहिले विणकाम यंत्र तयार केले. मात्र दोन देशांचे दरवाजे ठोठावूनही त्यांच्या पदरी निराशाच आली. असे का झाले?

विल्यम ली कोण होते?

ली यांचा जन्म १५६३ च्या सुमारास नॉटिंगहॅमशायर परगण्यातील कॅल्व्हर्टन गावचा. केंब्रिजमध्ये शिक्षण घेतल्यावर ते गावी चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले, असे मानले जाते. ज्या तरुणीवर त्यांचे प्रेम होते, तिचे सारे लक्ष हातातल्या विणकामातच असे, म्हणून चिडून त्यांनी यंत्र बनवले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याला पुरावा नाही. मात्र त्या काळी हातविणीचे मोजे हा इंग्लंडमधील असंख्य गरीब घरांचा जोडधंदा होता. त्यामुळे दोन सुयांवर एकेक टाका घालण्यात किती वेळ जातो, हे ली रोज पाहत असणार.

यंत्राची करामत काय होती?

हाताने विणताना एका वेळी एकच टाका पडतो. ली यांनी प्रत्येक टाक्याला स्वतंत्र सुई दिली. सुईच्या टोकाला लांब, लवचिक आकडा होता. सुयांच्या रांगेवर धागा आडवा टाकायचा, पातळ पट्ट्यांनी तो सुयांमध्ये दाबून फास तयार करायचे, मग एका दांडीने सगळे आकडे एकदम मिटवायचे. आकडे मिटले की जुने फास नव्या फासांवरून घसरून बाहेर पडत आणि संपूर्ण ओळ एका झटक्यात विणली जाई. कुशल विणकर हाताने मिनिटाला साधारण १०० टाके घालत असे. हे यंत्र त्याच्या काही पट वेगाने चालत असे.

एक मर्यादा मात्र होती. यंत्रातून सपाट कापड निघे. ते पायाच्या आकारात अरुंद करत न्यावे लागे आणि नंतर मागच्या बाजूने शिवावे लागे.

राणीने पेटंट का नाकारले?

राणीचे नातेवाईक लॉर्ड हन्सडन यांच्या मदतीने ली यांचे यंत्र राणी एलिझाबेथ प्रथम हिच्यापर्यंत पोहोचले, असे सांगितले जाते. पहिल्या यंत्रात इंचाला ८ सुया होत्या. त्यामुळे मोजे जाडेभरडे आणि लोकरीचे निघत. दरबारात तर रेशमी मोज्यांची चलती होती. शिवाय हाताने विणून पोट भरणाऱ्यांचा रोजगार जाईल, ही भीतीही होती. पेटंट मिळाले नाही.

ली यांनी यंत्रात सुधारणा केली. इंचाला २० सुया बसवून रेशमी मोजे विणून दाखवले. तरीही नकार कायम राहिला. दोष यंत्रात असता तर तो दूर झाला होता. रोजगाराचा प्रश्न मात्र सुया वाढवून सुटणारा नव्हता.

१६०० मध्ये ली यांनी जॉर्ज ब्रुक या सरदारपुत्राशी भांडवलासाठी करार केला. पण राजाविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून १६०३ मध्ये ब्रुक यांना मृत्युदंड झाला. हा आधारही तुटला. नवे राजे जेम्स प्रथम यांच्याकडूनही पेटंट मिळाले नाही.

फ्रान्समध्ये काय घडले?

फ्रान्सचे राजे हेन्री चौथे यांनी आपल्या देशातील उद्योगांना बळ देण्याचे धोरण ठेवले होते. ली यांनी भाऊ जेम्स, काही कारागीर आणि यंत्रे घेऊन रूआँ शहरात बस्तान बसवले. मात्र १६१० मध्ये हेन्री यांची हत्या झाली आणि राजाश्रयाची आशा मावळली. १६१४ च्या सुमारास ली यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. अखेरच्या काळात ते विपन्नावस्थेत होते, असे मानले जाते.

मग यंत्र टिकले कसे?

जेम्स बहुतेक यंत्रे घेऊन इंग्लंडला परतले. ली यांच्याकडे शिकलेल्या ॲस्टन नावाच्या कारागिराच्या साथीने नॉटिंगहॅमशायरमध्ये धंदा पुन्हा उभा राहिला. १६५७ मध्ये यंत्रावर विणणाऱ्यांच्या संघटनेला सनदही मिळाली.

पुढची दोन शतके हे यंत्र कारखान्यात नव्हे, घराघरात चालले. नवरा विणायचा, बायको शिवायची, मुले धागा गुंडाळायची. पण यंत्र बहुधा मालकाचे असे आणि काम कमी असले तरी भाडे द्यावेच लागे. मजुरी घसरली, स्वस्त व निकृष्ट माल वाढला. १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्येच विणकरांनी यंत्रे फोडायला सुरुवात केली. हेच ते लडाइट आंदोलन. १८१२ मध्ये यंत्र फोडण्यासाठी फाशीची तरतूद करणारा कायदा आला. म्हणजे राणीच्या काळातली भीती अगदीच निराधार नव्हती. फक्त तिची झळ हातविणकरांच्या बरोबरीने यंत्रावरच्या विणकरांनाही बसली.

आजच्या घरगुती मशिनशी संबंध काय?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंड यांनी आकड्याला उघडझाप करणारी छोटी जीभ असलेली सुई आणली. आकडे मिटवणाऱ्या दांडीची गरज संपली. अशा सुया गोल सिलेंडरवर बसवल्यावर मोजा थेट नळीसारखा, बिनशिवणीचा निघू लागला. पायाची बोटे झाकणारे टोक मात्र आजही बहुतेक घरगुती मशिनवर शेवटी हाताने बंद करावे लागते.

मशिन घेताना आधी सुया मोजाव्यात. मोठ्यांच्या पातळ मोज्यांसाठी साधारण ६० ते ७२ सुयांचा सिलेंडर लागतो. ४० ते ४८ सुयांची स्वस्त प्लास्टिक मशिन टोपी, मफलर किंवा जाड नळीसाठी ठीक. दुसरी बाब टाचेची. टाच विणताना अर्ध्या सुया थांबवून हँडल मागे-पुढे फिरवावे लागते. ही सोय नसेल तर हाती फक्त सरळ नळी येते. उलट टाक्यांची लवचिक पट्टी हवी असेल तर वेगळा जोड लागतो. सुट्या सुया मिळतात का, हेही विचारून घ्यावे.

कमाईसाठी मशिन घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडायला हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काही कंपन्या मशिन विकताना तयार मोजे परत विकत घेण्याचे आश्वासन देत. अशा व्यवहारात मशिनचे पैसे आधी जातात. मोज्यांचे पैसे माल पसंत पडला तरच येतात. ली यांचे यंत्रही उत्तम चालत होते. अडले ते गिऱ्हाईक, भांडवल आणि परवानगीपाशी. म्हणून मोजे कोण घेणार, हे ठरल्यावरच मशिनची ऑर्डर द्यावी.