विश्लेषण : एका नाटकात संशयाने जीव घेतला, दुसऱ्यात हसवले, मराठी ‘ऑथेल्लो’ लिहिणारे देवल कोण होते?

उलवे : रंगमंचावर ऑथेल्लो साकारता साकारता एका नटाचे भान सुटते आणि तो खरोखरच एका तरुणीचा गळा दाबतो. १९४७ च्या ‘अ डबल लाइफ’ या हॉलीवूडपटाची ही गोष्ट. त्यातील भूमिकेसाठी रोनाल्ड कोलमन यांना ऑस्कर मिळाले. मराठी रंगभूमीवर मात्र ऑथेल्लो १८९० मध्येच ‘झुंजारराव’ या नावाने अवतरला होता. लेखक होते गोविंद बल्लाळ देवल.

देवल नाटकाकडे कसे वळले?
जन्म १३ नोव्हेंबर १८५५, सांगलीजवळचे हरिपूर. बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांचे शिक्षक होते. पुढे त्यांच्याच मंडळीत देवल नट झाले, नटांच्या तालमीही घेऊ लागले.

‘झुंजारराव’ची गोष्ट काय?
शेक्सपिअरचे कथानक तेच, माणसे मराठी. कान भरणाऱ्या सहकाऱ्यावर विश्वास ठेवून शूर सरदार निरपराध पत्नी कमळजेचा जीव घेतो. मूळ नाटकात एक साधा रुमाल पुरावा ठरतो. खरे कळते, तेव्हा उशीर झालेला असतो. गणपतराव जोशी यांनी ही भूमिका गाजवली.

मग तोच संशय विनोदी कसा झाला?
मोलिएरच्या कथानकावर बेतलेल्या आर्थर मर्फी यांच्या इंग्रजी नाटकावरून देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. इथे रुमालाच्या जागी तसबीर आली. फाल्गुनरावही बायकोवर संशय घेतो; पण तो मनात कुढत न बसता आरडाओरडा करतो. सगळे समोरासमोर येतात आणि घोटाळा सुटतो. दोन्ही नवऱ्यांच्या हाती पुरावा तितकाच तकलादू. फरक पडतो तो वेळेत उलगडा होण्याने.

आज देवल का आठवायचे?
त्यांच्या सात नाटकांपैकी ‘शारदा’ हे एकच स्वतंत्र. कोवळ्या मुलींची म्हाताऱ्यांशी लग्ने लावण्याच्या प्रथेवर त्यांनी त्यातून प्रहार केला. ‘फाल्गुनराव’ला पदांची जोड देऊन त्यांनीच ‘संगीत संशयकल्लोळ’ केले. १४ जून १९१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणले.

उलवेकरांना नाटक पाहायचे तर वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह गाठता येते. ते ज्यांच्या नावाने आहे ते भावेही सांगलीचेच. ‘संशयकल्लोळ’चा प्रयोग लागला तर चुकवू नये. हसताना झुंजाररावही आठवावा.