श्रीसंत एकनाथ महाराज : वृद्धसेवेचा आदर्श

दक्षिणकाशी म्हणून विख्यात असलेल्या श्रीक्षेत्र पैठण येथे, गोदावरीच्या पावन तीरी, श्रीसंत एकनाथ महाराजांचा जन्म सुमारे शके १४५५ (इ. स. १५३३) मध्ये झाला. थोर विठ्ठलभक्त संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे पुत्र सूर्यनारायण आणि सूर्यनारायण व रुक्मिणी या दांपत्याचे पुत्र म्हणजे श्रीनाथ होत.

नाथांच्या बालपणीच माता-पित्यांचे छत्र हरपले. उतारवयात मुलगा व सून यांच्या वियोगाचे दुःख गिळून आजोबा चक्रपाणी व आजी यांनी या पोरक्या नातवास तळहातावरील फोडाप्रमाणे जपले. त्याची मुंज केली, त्यास विद्या दिली. त्या वृद्ध जिवांना एकनाथ हाच काय तो आधार होता.

परंतु बाल एकनाथास सद्गुरूंची ओढ लागली होती. वयाच्या सुमारे बाराव्या वर्षी कोणासही न सांगता त्यांनी घर सोडले आणि देवगिरी येथे जाऊन श्रीजनार्दनस्वामींचे चरण धरले. इकडे पैठणास आजोबा-आजींच्या शोकास पारावार राहिला नाही. नातू कोठे गेला, कसा आहे, याची वार्ताही त्यांना दीर्घकाळ मिळाली नाही. नाथांच्या गुरुसेवेचा महिमा आपण सर्वजण मोठ्या आदराने गातो. तथापि त्याच काळात पैठणच्या त्या घरी दोन वृद्ध जीव वाटेकडे डोळे लावून बसले होते, हेही विसरून चालणार नाही.

देवगिरीचे किल्लेदार असलेल्या स्वामींनी हिशेबाचे काम नाथांकडे सोपविले होते. एका पैची चूक सापडेपर्यंत नाथ रात्रभर जागले, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे गुरुकृपेने अनुग्रह झाला, गुरूंसमवेत त्र्यंबकेश्वराची यात्रा घडली आणि तेथेच चतुःश्लोकी भागवतावरील त्यांची टीका सिद्ध झाली. त्यानंतर गुरूंच्या आज्ञेने नाथ तीर्थाटनास निघाले.

दरम्यान नातवाचा ठावठिकाणा समजताच वृद्ध चक्रपाणी देवगिरीस जाऊन पोहोचले. परंपरा सांगते की, त्यांची व्यथा ऐकून स्वामींचे अंतःकरण द्रवले. एकनाथाने विवाह करावा व पैठण येथेच राहावे, अशा आज्ञेचे पत्र त्यांनी स्वहस्ते लिहून चक्रपाणींच्या हाती दिले. ते पत्र जिवापाड जपून आजोबा नातवाची प्रतीक्षा करू लागले.

तीर्थाटन करीत नाथ पैठणास आले, तेव्हा ते घरी न जाता गावाबाहेर महादेवाच्या मंदिरात उतरले. आजोबांनी त्यांना तेथे गाठले, हृदयाशी धरले व गुरूंचे पत्र पुढे केले. पत्र वाचताच नाथांनी ते मस्तकी लावले व पुढील प्रवास तेथेच थांबविला. नाथांसारख्या विरक्त शिष्यास गुरूंनी वनात धाडले नाही, तर घरी धाडले, हे येथे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. पैच्या हिशेबात चूक राहू न देणाऱ्या शिष्याकडे वडिलधाऱ्यांचे ऋण बाकी राहावे, हे सद्गुरूंना मान्य नव्हते.

पुढे गिरिजाबाईंशी नाथांचा विवाह झाला आणि ज्या घरात आसवे गाळली गेली, तेथे नातसुनेची पावले उमटली. याच गृहस्थाश्रमात राहून नाथांनी अन्नदान, कीर्तन व ग्रंथरचना केली. शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये काशीक्षेत्री एकनाथी भागवत पूर्ण झाले. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

काळाच्या ओघात नाथांवरही वार्धक्य आले, आणि प्रसंगाने निराळे रूप घेतले. पुत्र हरिपंडित हे संस्कृतचे विद्वान होते. पित्याने प्राकृतात पुराण सांगावे व परान्न घ्यावे, हे त्यांस रुचेना. ते रुसून काशीस निघून गेले. तेव्हा वृद्ध नाथ स्वतः काशीस गेले. प्राकृत पुराण सांगणार नाही व परान्न घेणार नाही, या पुत्राच्या दोन्ही अटी मान्य करून त्यांनी त्यास घरी आणले. ज्या वाणीने हजारो जन तृप्त होत, ती वाणी पुत्रासाठी मौन झाली.

पुढे सहस्र ब्राह्मणभोजनाचा संकल्प केलेल्या एका निर्धन स्त्रीच्या घरी नाथ जेवले. त्यांची उष्टी पत्रावळ हरिपंडितांनी उचलली, तो तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, अशी कथा आहे. पित्याचा अधिकार ओळखून हरिपंडित शरण आले आणि नाथांचे प्राकृत पुराण पूर्ववत सुरू झाले. नातू असताना नाथ आजोबांच्या शब्दाखातर थांबले आणि पिता झाल्यावर पुत्रासाठी नमले. म्हणूनच हे घर दोन्ही वेळा सावरले.

शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. भावार्थ रामायण अपुरे राहिले, ते शिष्य गावबा यांनी पूर्णत्वास नेले. दरवर्षी नाथषष्ठीस लाखो वारकरी पैठणास येतात. गावातील नाथांच्या वाड्यातील पवित्र रांजण व गोदातीरावरील समाधीमंदिर यांचे दर्शन भाविकांनी अवश्य घ्यावे.

नाथांच्या चरणी आपण जे काही अर्पण करतो, ते थोरच होय. तथापि आपल्या घरी कोणी वृद्ध आई-वडील, आजी-आजोबा वाट पाहात असतील, तर त्यांच्याजवळ दोन घटका बसणे, त्यांचे औषधपाणी वेळेवर पाहणे आणि घरातील निर्णयात त्यांचा शब्द विचारणे, ही सेवाही नाथांना तितकीच प्रिय आहे. येथील प्रसादाचा पहिला घास त्यांच्या मुखी घालावा, म्हणजे यात्रा सुफळ संपूर्ण झाली.

॥ श्रीएकनाथ महाराजार्पणमस्तु ॥