मारलवाईचे हायमेनडॉर्फसाहेब

हैदराबादहून नागपूरकडे जाणारा जुना रस्ता सोनजवळ गोदावरी ओलांडतो आणि थोड्याच वेळात निर्मलला पोहोचतो. निर्मल म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना आठवतात ती तिथल्या नक्काशांनी पोनिकीच्या हलक्या लाकडातून घडविलेली फळे आणि पाखरे. महालक्ष्म्यांच्या आराशीत त्यांतले एखादे तरी असायचेच. परंतु निर्मलची ओळख एवढ्यावर संपत नाही. गावाच्या उत्तरेला रस्ता घाट चढू लागतो आणि घाटमाथ्यापलीकडे सागवानाच्या रानांतून, डोंगरपठारांवरून राजगोंडांचा मुलूख पसरलेला आहे. १८६० साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या रामजी गोंडाला साथीदारांसह निर्मललाच फाशी दिले गेले, आणि ज्या वडाच्या झाडावर ते झाले त्याची कथा तिकडे अजून सांगतात.

या मुलखाची तपशीलवार, शास्त्रशुद्ध माहिती प्रथम ज्याने लिहून ठेवली तो माणूस ना मराठी होता ना तेलुगू. तो व्हिएन्नाचा होता. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे त्याचे लांबलचक नाव आदिलाबादेकडच्या जुन्या मंडळींनी केव्हाच तोडून हायमेनडॉर्फसाहेब एवढेच ठेवले. संशोधनाला पैसा कोठून आणावा, कोणाकडून घ्यावा आणि घेतल्यावर त्याचे देणे कसे फेडावे, या प्रश्नाचे फार बोलके उत्तर या माणसाच्या आयुष्यात सापडते.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ सालचा, व्हिएन्नातील एका सरदारी घराण्यातला. व्हिएन्ना विद्यापीठात रॉबर्ट हाइने-गेल्डर्न यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले, आणि आसाम व वायव्य ब्रह्मदेशातील डोंगरी जमातींच्या समाजरचनेवर प्रबंध लिहून १९३१ साली ते डॉक्टर झाले. गंमत अशी की हा सारा प्रबंध ग्रंथालयात बसून लिहिलेला होता. ज्या लोकांविषयी त्यांनी शेकडो पाने वाचली, त्यांतला एकही माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. पण पहिल्या महायुद्धाने खंगलेल्या आणि नंतरच्या जागतिक मंदीत सापडलेल्या ऑस्ट्रियात तरुण अध्यापकाला हिंदुस्थानात पाठविण्याइतका पैसा कोणाजवळ असणार?

तो पैसा अमेरिकेतून आला. रॉकफेलर फौंडेशनची पाठ्यवृत्ती मिळवून १९३५ च्या सुमारास हायमेनडॉर्फ लंडनला गेले आणि मालिनोव्स्की यांच्या प्रसिद्ध चर्चावर्गात बसू लागले. माणसांचा अभ्यास करायचा तर त्यांच्या गावात राहून, त्यांची भाषा शिकून करावा, हा त्या वर्गाचा मूलमंत्र. मात्र लंडनच्या त्या वर्तुळात त्या काळी पैशाचा आणि लक्षाचा ओघ मुख्यतः आफ्रिकेकडे होता. दुसरा एखादा विद्यार्थी वाऱ्याची दिशा पाहून आफ्रिकेचा अभ्यासक झाला असता. हायमेनडॉर्फ यांनी मात्र आपला जुना प्रश्न सोडला नाही. नागा टेकड्यांत दीर्घ काळ काम केलेले सनदी अधिकारी जे. पी. मिल्स यांच्याशी त्यांनी ओळख करून घेतली आणि १९३६-३७ मध्ये सुमारे तेरा महिने ते नागा लोकांत, मुख्यतः कोन्याक नागांत राहिले. विद्यावृत्ती मिळणे ही एक गोष्ट आणि तिच्या बळावर आपल्याला हवे तेच काम करता येणे ही दुसरी. पहिलीसाठी गुणवत्ता लागते, दुसरीसाठी थोडा हट्टही लागतो.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. त्याच वर्षी हायमेनडॉर्फ यांनी एलिझाबेथ बर्नार्डो या इंग्रज तरुणीशी विवाह केला. सगळे त्यांना बेटी म्हणत. १९३९ मध्ये पतिपत्नी हिंदुस्थानात आली आणि सप्टेंबरात महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया नकाशावरून पुसला गेल्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्या खिशातला परवाना जर्मन राज्याचा होता, आणि त्या कागदामुळे एका दिवसात ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. इंग्रज अधिकाऱ्यांत त्यांचे स्नेही होते म्हणून कैदेची वेळ टळली. परंतु हैदराबाद संस्थानाच्या हद्दीबाहेर जाण्याची त्यांना मुभा राहिली नाही. नागा टेकड्यांचा रस्ता बंद झाला. युरोपातून पैसा येणेही बंद झाले.

अशा वेळी मदतीला आले निजाम सरकार. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीविषयी आपल्या घराघरांत कडूगोड आठवणी आहेत, आणि कडू आठवणी काही थोड्या नाहीत. तरी विद्येच्या कामाला त्यांच्या राज्याने पैसा दिला हे नाकारता येणार नाही. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. गुलाम याझदानी यांचे अजिंठ्यावरचे देखणे ग्रंथ सरकारी खर्चाने सिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा तिलाही निजामाचे अनुदान मिळाले, आणि संस्थेच्या आवारातले निजामाच्या नावाचे अतिथिगृह त्याची साक्ष देत उभे आहे. त्याच परंपरेत संस्थानातील आदिवासींच्या पाहणीचे काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले. संस्थानाबाहेर पाऊल टाकता न येणाऱ्या संशोधकाला संस्थानातच आयुष्याचे काम सापडले.

आरंभ झाला नल्लमलाच्या रानातील चेंचूंपासून. पुढे गोदावरीच्या खोऱ्यातील डोंगरी रेड्डी आले. चेंचूंवरचा ग्रंथ १९४३ मध्ये आणि रेड्ड्यांवरचा १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण या मालिकेतले सर्वांत मोठे काम अजून व्हायचे होते, आणि त्याला निमित्त झाले ते रक्तपाताचे.

१९४० साली आदिलाबाद जिल्ह्यात जोडेघाट येथे कुमरम भीम हा गोंड पुढारी आपल्या साथीदारांसह पोलिसांच्या गोळीबारात पडला. जंगल, पाणी आणि जमीन यांवरचा हक्क हे त्याचे मागणे. गोळीबाराने बंड मिटले, पण बंड का झाले हा प्रश्न मिटला नाही. सरकारला त्याचे उत्तर हवे होते, आणि हायमेनडॉर्फ यांना गोंडांत जाऊन राहायचे होते. दोघांच्या गरजा जुळल्या. १९४१ मध्ये साहेब आणि बेटीबाई उतनूरच्या डोंगराळ मुलखात मारलवाई या छोट्याशा खेड्यात येऊन राहिली. गोंडांच्या वस्तीत गोंडांसारखेच घर, आणि भोवती चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत वाटलेली गोंड कुळे. परधान भाट किंगरी वाजवून रात्र रात्र गोंडांच्या पूर्वजांच्या कथा गात, आणि साहेब त्या टिपून घेत. लग्ने, मर्तिके, पेर्सा पेनाची पूजा, केसलापूरच्या नागोबाची पौषातली जत्रा, काहीही त्यांनी सोडले नाही. बेटीबाई घरातल्या बायकांत बसत, आणि पुरुषांना जे कधी कळले नसते ते टिपून ठेवत. याच कामातून राजगोंडांवरचा मोठा ग्रंथ १९४८ मध्ये तयार झाला.

आता येथे एक नाजूक गोष्ट आली. गोंडांच्या देवांविषयी लिहिणे सोपे होते. त्यांच्या जमिनीविषयी लिहिणे सोपे नव्हते, कारण ज्याच्या पैशावर पाहणी चालली होती त्याच सरकारच्या कारभारावर बोट ठेवणे भाग होते. राखीव जंगलाच्या रेषा आखताना गावेच्या गावे आत घेतली गेली होती आणि पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या शेतांतून लोकांना उठवले होते. गोंड कसत असत ती बरीच जमीन शिवाय जमाबंदीची, म्हणजे पट्ट्यावाचूनची होती. कागद ज्याच्या हाती त्याची जमीन, हा न्याय चालू होता. आणि कागद कोणाच्या हाती होता? पटवारी, सावकार, नव्याने आलेले शेतकरी, शहरात राहून पट्टे मिळविणारे इनामदार. त्यांत उर्दू बोलणारे होते, तेलुगू बोलणारे होते आणि मराठी बोलणारेही होते. निजामाच्या जुलमाच्या गोष्टी सांगताना आपली जुनी घराणी हे पान सहसा उलटत नाहीत. हायमेनडॉर्फ यांनी ते उलटले.

निजाम सरकारला दिलेल्या अहवालांत त्यांनी हे सारे मांडले, आणि ते अहवाल १९४५ साली एकत्र छापले गेले. संस्थानच्या मंत्रिमंडळात त्या वेळी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन होते. बस्तरच्या माडिया गोंडांवर स्वतः ग्रंथ लिहिलेला हा अधिकारी असल्याने अहवाल दप्तरात कुजला नाही. पुढच्या वर्षांत हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले, आणि १९४६ मध्ये आदिवासी मुलखासाठी स्वतंत्र कायदा झाला. केसलापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत असा दरबारही हायमेनडॉर्फ यांच्याच पुढाकाराने सुरू झाला, आणि तो आजही भरतो. एरवी गोंडाला कचेरीची पायरी चढावी लागे. येथे कचेरी देवाच्या दारी आली.

शाळांची हकीकत तर आपल्याला अधिकच जवळची. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. अक्षरओळख असलेले जे थोडे गोंड तरुण सापडले त्यांना मराठी येत होते, म्हणून गोंडी भाषेची पहिली पुस्तके नागरी लिपीत काढली गेली. या मुलखात खास अधिकारी म्हणून काम केलेले सेतुमाधवराव पगडी हे नाव मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्यांनी गोंडी बोली आत्मसात केली, तिचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. पुढे राज्ये बदलली. १९५६ च्या पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले, तेलुगू शिक्षणाचे माध्यम झाली आणि नागरीतले गोंडी पाठ मागे पडले.

१९४५ ते १९४९ या काळात हायमेनडॉर्फ निजाम सरकारचे सल्लागार आणि उस्मानियात मानवशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४९ मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य व आफ्रिकी विद्याशाळेत गेले, १९५१ पासून निवृत्तीपर्यंत तेथेच प्राध्यापक राहिले. १९५३ मध्ये नेपाळचे दार उघडताच तेथे गेले, शेर्पांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९६४ चा. बेटीबाईंनी दक्षिण आशियाच्या मानवशास्त्रीय वाङ्मयाची मोठी सूची १९५८ पासून भागाभागाने प्रसिद्ध केली. कोण संशोधक कोठे कोणते काम करीत आहे याची नोंदही तीत होती. मदतीसाठी अर्ज करू पाहणाऱ्या नवख्या अभ्यासकाने पहिल्याने पाहावे ते हेच की आपले काम आधी कोणी केले आहे काय, आणि बाईंनी ती वाट अनेकांना सोपी करून दिली.

१९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर पतिपत्नी पुन्हा आदिलाबादेत येऊ लागली. जे दिसले ते सुखाचे नव्हते. रस्ते झाले, त्यांवरून नवे लोक आले, आणि चाळीस सालानंतर दिलेली जमीन पुष्कळ ठिकाणी पुन्हा गोंडांच्या हातून निसटली होती. १९८१ मध्ये इंद्रवेल्लीला गोंडांच्या सभेवर गोळीबार झाला तेव्हा जोडेघाटच्या आठवणी जाग्या झाल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या आदिवासींवरील ग्रंथात हायमेनडॉर्फ यांनी हा ऱ्हास सविस्तर नोंदविला.

त्यांच्यावर टीकाही झाली आहे. बंड मोडल्यावर जनतेला शांत करण्यासाठी राजाने नेमलेला पंडित, असे काही अभ्यासक त्यांना म्हणतात. यात अजिबात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. राज्य पैसा देते ते स्वतःच्या सोयीसाठीच. पण जो पैसा राज्याने सोयीसाठी दिला, त्यातूनच राज्याला गैरसोयीचे सत्य लिहून निघाले, हेही तितकेच खरे.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पाठ्यवृत्त्या आहेत, १९६९ पासून समाजविज्ञान संशोधन परिषद आहे, परदेशी संस्थाही आहेत. आपल्या घरांतली मुले अर्ज भरतात आणि विषय कोणता घेतला तर मंजुरी मिळेल याचा अंदाज बांधत बसतात. हायमेनडॉर्फ यांना तीन वेगवेगळ्या दारांतून मदत मिळाली. प्रत्येक दारी ते आपलाच प्रश्न घेऊन गेले, आणि मिळालेल्या पैशाचे देणे ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्याकडे फेडले.

बेटीबाई ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादेत वारल्या. त्यांना मारलवाईतच मातीत ठेवले. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला निवर्तले. पुढे त्यांच्याही अस्थी मारलवाईलाच आणून पत्नीशेजारी ठेवल्या गेल्या. दर वर्षी ११ जानेवारीला गोंड मंडळी त्या समाधीपाशी जमतात आणि आपल्या रीतीने त्यांना मान देतात. निर्मलचा घाट चढून कधी उत्तरेकडे जाणे झाले तर वाट थोडी वाकडी करून मारलवाईला जरूर जावे.